हिरादोला, लेकीकडे

जपानला जाऊन आले म्हटलं की आइंडहोवनमधल्या आमच्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न फुजीचा असतो. मी फुजी पाहिला नाही. टोकियोही नाही, क्योतोही नाही. जपानच्या नकाशात क्युशू बेटाच्या वायव्य टोकाला, एका लाल पुलाने जमिनीला धरून राहिलेलं हिरादो नावाचं बेट आहे. मी सगळी सुट्टी तिथेच घालवली, कारण माझी मुलगी इरा तिथे राहते.

इराबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर एवढ्या लांब जाऊन मी डोंगर आणि मासे सोडून तिच्या ताटाकडे का बघत बसले, ते कळायचं नाही. ती डेल्फ्टला पाण्याच्या व्यवस्थापनात मास्टर्स झाली आणि तिला रॉटरडॅमला नोकरी लागली, राहायची मात्र डेल्फ्टलाच. सगळं सुरळीत चाललंय असं आम्हाला वाटत होतं. व्हिडिओ कॉलवर ती हसायची. मग एका हिवाळ्यात तिने फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी मी आणि सुहास, माझा नवरा, गाडी काढून डेल्फ्टला गेलो. खोलीचे पडदे ओढलेले होते. ती अंथरुणात होती, आणि किती दिवस जेवली नव्हती ते तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. आमच्या हाउसआर्टने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, तिला पुढे मानसोपचाराला पाठवलं. नंतर बरेच महिने ती आमच्याकडे, फेल्डहोवनच्या घरात, सोफ्यावर पडून असायची. जेवतेस का विचारलं तरी "इज खूत", बाहेर जाऊ या म्हटलं तरी "इज खूत". चालेल, ठीक आहे. त्या दोन डच शब्दांचा मला धसका बसला होता.

त्यातून उठल्यावर तिने पहिली इच्छा सांगितली ती हिरादोची. कॉलेजात हौसेने जपानी शिकली होती. तिथल्या नगरपालिकेला रिकाम्या पडलेल्या घरांची देखभाल करायला आणि त्यांच्यासाठी माणसं शोधायला बाहेरचं कुणी हवं होतं. पोरीला काहीतरी हवंसं वाटतंय, याच आनंदात आम्ही हो म्हटलं. ती गेल्यावर मात्र काळजी सुरू झाली. फोनवर ती पुन्हा हसायला लागली होती, आणि त्या हसण्यावर माझा विश्वास उरला नव्हता. दीड वर्षाने मी तिकीट काढलं. सुहासला मशीन बसवायच्या कामामुळे येता येत नव्हतं. विमानतळावर तो एवढंच म्हणाला, "घेऊनच ये."

एक स्टेशन आधी

सासेबोहून एका डब्याची गाडी निघते. ड्रायव्हरच दार उघडतो, तोच पैसे घेतो. डोंगराच्या कडेकडेने, मधूनच समुद्र दाखवत ती जाते. मला ताबिरा-हिरादोगुचीला उतरायचं होतं. उद्घोषणेत "ताबिरा" ऐकलं आणि मी बॅगा ओढत उतरले. गाडी निघून गेल्यावर पाटी नीट पाहिली, तर ते निशि-ताबिरा होतं. स्टेशनात कर्मचारी नव्हता, प्रवासी नव्हता, चहाची टपरीही नव्हती. एक बाकडं होतं आणि समोर भाताचं शेत.

इराला फोन केला. थोड्या वेळाने एक पांढरा, खेळण्यासारखा छोटा ट्रक आला आणि त्यातून ती उतरली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला पंच्यासारखं फडकं, रंग माझ्याहून सावळा. तिने मला मिठी मारली तेव्हा मी काय केलं असेल तर तिची मनगटं चाचपली. डेल्फ्टहून आणलं तेव्हा त्यांचं हाड हाताला लागायचं. आता नव्हतं लागत. पण एका मनगटावर काय ठरवायचं, असं म्हणून मी ट्रकमध्ये बसले.

ती डाव्या बाजूने गाडी चालवत होती. हॉलंडात उजव्या बाजूची इतकी सवय झालीय की पहिल्या वळणावर मी दार घट्ट धरलं. मग लक्षात आलं, आपल्याकडेही डावीकडूनच चालवतात. मी मूळची गुहागरकडची. डोंगर थेट समुद्रात उतरतो, रस्त्याला सरळ असं काही नसतं आणि प्रत्येक वळणावर कुणाचं तरी घर लागतं, असा मुलूख मी हॉलंडातल्या अठरा वर्षांत पाहिला नव्हता. आमच्या फेल्डहोवनला चढ म्हणजे सायकलचा पूल.

बंदर

हिरादो कागदोपत्री शहर आहे. महापौर आहे, इस्पितळ आहे, टेकडीवर किल्ला आहे. पण शहर म्हणायचं ते एका लहानशा बंदराभोवती. बाकी लांबलचक बेट, भोवतालची छोटी बेटं, जंगल, भातशेती आणि मासेमारीची गावं. दुपारी मुख्य रस्त्यावर फिरलो तर निम्म्या दुकानांची शटरं खाली होती. ती सुट्टीमुळे नव्हे, कायमची, असं इरा म्हणाली.

गंमत म्हणजे तिथे आम्ही अनोळखी नव्हतो. डच व्यापारी जपानात पहिल्यांदा ठाण मांडून बसले ते इथे. एक दगडी कमानीचा पूल आहे, त्याला डचांचा पूल म्हणतात. टेकडीवर चढत गेलेली एक भिंत आहे, ती डचांची भिंत. बंदराच्या तोंडाशी डचांचं मोठं पांढरं कोठार पुन्हा बांधून ठेवलंय. मूळ कोठारावर त्यांनी इसवी सन कोरलं, ते ख्रिस्ताच्या नावाचं म्हणून राज्यकर्त्यांना खटकलं आणि इमारत पाडायला लावली. मिठाईच्या दुकानात बाईंनी मी कुठून आले विचारलं. मी अभिमानाने "ओरांदा", म्हणजे हॉलंड, म्हणाले. त्यांनी माझ्याकडे, मग भिंतीवरच्या लाल केसांच्या डच खलाशाच्या चित्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत अदबीने मान लववली. इरा बाहेर जाऊन हसली. त्या दुकानात केकचा तुकडा अंड्याच्या बलकात बुडवून, पाकात सोडून, वर साखरेत घोळवतात. मला अर्धा संपवता आला नाही. इराने स्वतःचा संपवला आणि माझा उरलेलाही. मी ते मनात नोंदवलं.

कासुगा

इरा राहते ते गाव बेटाच्या पश्चिम अंगाला आहे. मागे यासुमानदाके डोंगर, आणि त्याच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली भातखाचरं. ऑक्टोबर होता, कापणी बरीचशी आटोपली होती. रानडुकरांसाठी खाचरांभोवती विजेच्या तारा लावलेल्या. आपल्याकडेही हाच वैताग आहे, हे मी इराकरवी सांगितलं तेव्हा शेतावरच्या म्हाताऱ्यांनी लगेच मला खुर्ची दिली.

ती हिसाको नावाच्या बाईंकडे राहते. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या, मासेमाराच्या विधवा, उंचीने माझ्या खांद्याला. इरा त्यांना आजी म्हणते, बा-चान. मी मनात त्यांना हिसाकोबाई करून टाकलं. त्या मला नावाने हाक मारत नसत. "इरा-चानची आई" म्हणत. हे मला फार जवळचं वाटलं. हॉलंडात आल्यापासून मी सगळ्यांची नुसती मंजिरी झाले होते.

पहिल्याच संध्याकाळी मी घोळ घातला. न्हाणीघरात बाहेर साबण लावून, स्वच्छ होऊन मग गरम पाण्याच्या टबात बसायचं, इथपर्यंत मला माहीत होतं. बाहेर आल्यावर सवयीने मी टबाचं बूच काढलं. ते पाणी सगळ्या घराचं असतं. एकामागून एक सगळे त्यातच बसतात. हिसाकोबाई टॉवेल घेऊन आल्या तेव्हा शेवटचं पाणी गुडगुडत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र भिंतीला धरून हसत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी ही बातमी माझ्या आधी गावभर पोहोचली होती.

जेवण तिथलं मला आवडलं. उडणाऱ्या माशाला तिथे आगो म्हणतात. तो भाजून वाळवतात आणि त्याचं पाणी सगळ्यात असतं, आमटीत, भाजीत, शेवयांत. हॉलंडात दुपारी पाव-चीज खाऊन खाऊन जिभेला आलेली मरगळ त्या वासानेच गेली. मी मेतकूट नेलं होतं. हिसाकोबाईंनी ते वासावरून ओळखल्यासारखं केलं, गरम भातावर पेरलं आणि तूप न घेताच खाल्लं. त्यांच्याकडेही भातावर पेरायचे असेच कोरडे प्रकार असतात. त्या दिवसापासून डबा त्यांच्या हाताशी असायचा. इरा भात दोनदा घ्यायची. ती वाडगा पुढे करायची आणि मी दुसरीकडे बघितल्यासारखं करायचे.

एके दिवशी ती मला तिच्या कामावर घेऊन गेली. गावातली कितीतरी घरं बंद आहेत. मालक ओसाका नाहीतर फुकुओकाला, म्हातारे वारलेले. घर बंद राहिलं की ओल धरतं, म्हणून आळीपाळीने ती उघडायची, खिडक्या सरकवायच्या, चटया उन्हात टाकायच्या. दारात उभी राहून ती आत कुणी असल्यासारखी मोठ्याने "ओजामा शिमास्" म्हणाली. त्रास देते हं, अशा अर्थाचं. मग बूट काढून आत गेली. मी विचारलं, कुणाला सांगतेस? तर म्हणाली, "इट्स देअर हाउस, आई." देव्हाऱ्यासारख्या कपाटात एका जोडप्याचा फोटो होता, तो तिने पुसला.

आइंडहोवनला आमच्या ओळखीची मुलं एका खोलीसाठी वर्षानुवर्षं यादीत नाव लावून बसलीयत. डेल्फ्टला इराला मिळाली होती ती खोली आमच्या न्हाणीघराएवढी होती. आणि इथे आठ-आठ चटया अंथरलेल्या खोल्या, समुद्राकडे तोंड केलेल्या, माणसाची वाट बघतायत. इराने आत्तापर्यंत दोन कुटुंबांना इथे आणलंय. त्यातल्या एकांना बाळ झालं, तेव्हा अख्खं गाव बघायला गेलं होतं म्हणे.

ओशिमाची बोट

हिरादोच्या उत्तरेला ओशिमा नावाचं छोटं बेट आहे. बंदरातून फेरीबोटीने पाऊण तासावर. तेही याच शहरात मोडतं. तिथलं एक घर बघायला इरा सकाळी गेली, संध्याकाळच्या बोटीने येते म्हणाली. मी हिसाकोबाईंबरोबर थांबले. दुपारपर्यंत आम्ही दोघी ओसरीवर वालासारख्या शेंगा सोलत बसलो होतो आणि मी फोनमधल्या भाषांतराच्या अॅपमधून त्यांच्याशी बोलत होते.

तिथेच मी नको ते केलं. अॅपमध्ये बोलले, की इरा मागे खूप आजारी होती, मनाने. जेवायची नाही, उठायची नाही. तुम्ही तिच्यावर लक्ष ठेवा. फोन जपानीत बोलला. हिसाकोबाईंनी ऐकलं, हातातली शेंग खाली ठेवली, मान हलवली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. 

दुपारनंतर वारा उठला. डोंगरावरची झाडं एका अंगाला झोपली. तिथे प्रत्येक घरात नगरपालिकेची रेडिओसारखी पेटी असते, तिच्यातून सूचना येतात. पेटी बोलली, हिसाकोबाईंनी माझ्याकडे बघून दोन्ही हातांची फुली केली. बोट बंद.

मी इराला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. मेसेज पाठवले, त्यांच्यापुढे एकच खूण, म्हणजे पोहोचलेच नाहीत. मी स्वतःला समजावलं, की वाऱ्याने रेंज गेली असेल, बोट नाही म्हणजे ती जमिनीवर सुखरूप आहे. पण डेल्फ्टलाही फोनवरून असंच काही उत्तर येत नव्हतं. मी अंगणात जायचे, आत यायचे, पुन्हा फोन लावायचे. शेंगा तशाच पडल्या होत्या.

हिसाकोबाईंनी मला दोनतीन फेऱ्या मारू दिल्या. मग उठून त्यांनी जुन्या लँडलाइनवरून ओशिमावरच्या आपल्या मावसबहिणीला फोन केला. मला त्यातला "इरा-चान" एवढाच शब्द कळला. फोन ठेवून त्यांनी मला बसायची खूण केली आणि चहा ओतला. तो प्यायला मला जमलं नाही. पाचचं गाणं झालं. पेटीतून रोज संध्याकाळी पोरांना घरी बोलवायला एक गाणं वाजतं. गावात शाळकरी पोरं जवळजवळ नाहीत, तरी वाजतं. त्यानंतर थोड्या वेळाने फोन खणखणला. हिसाकोबाईंनी उचलला, दोन शब्द बोलल्या आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"आई, मी इथे आहे," इरा म्हणाली. "माझा फोन पाण्यात पडली. धक्क्यावर. मी ठीक आहे."

ती मराठीत बोलत होती. घरी आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत नाहीतर डचमध्ये उत्तर द्यायचं, हे शाळेपासूनचं. मी तिला काय म्हणाले ते आठवत नाही. मागे माणसांचा कलकलाट होता, कुणीतरी हसत होतं. ती म्हणाली, इथल्या आजीने मला मुळ्याचं लोणचं दिलंय, आणि मला खूप भूक लागली आहे.

मी फोन ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. हिसाकोबाईंनी गार झालेला चहा नेऊन दुसरा आणला. तो मी प्यायले.

दार

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली. इरा घरी पोहोचली, हिसाकोबाईंशी बोलली, आणि मग माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. मी त्यांना काय सांगितलं ते तिला कळलं होतं.

राग आला की ती डच होते. सुरुवात डचमध्ये झाली, मग इंग्रजी आणि शेवटी मराठी, जसजसं ते आत पोहोचावं असं तिला वाटत गेलं तसं. ती म्हणत होती, माझं आजारपण माझं आहे. कुणाला सांगायचं ते मी ठरवणार. आणि मी बा-चानला पहिल्याच महिन्यात सांगितलंय, स्वतः, तू येऊन सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, मी आई आहे, मला काळजी वाटते. ती म्हणाली, "काळजी कर, पण माझ्या पाठीमागे नको." मग ती खोलीत गेली आणि तिने दार आपटलं.

पण ते सरकवायचं दार, लाकडी चौकटीचं, कागद लावलेलं. ते आपटत नाही. ते जोरात गेलं, खांबाला धडकलं, खाचेतून निखळलं आणि सावकाश माझ्या अंगावर यायला लागलं. मी दोन्ही हातांनी धरलं. पलीकडून इरानेही धरलं. मधे कागद, त्यातून मला तिची सावली दिसत होती.

"सोडू नको," ती म्हणाली.

"नाही सोडत."

ते बसवायला आम्हाला बराच वेळ लागला. आधी वरची खाच, मग खालची. ती उचलायची तेव्हा मी ढकलायचे आणि मी उचलायचे तेव्हा ती. हिसाकोबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या आणि मदतीला येत नव्हत्या. तिसऱ्यांदा ते सुटलं तेव्हा पलीकडून हसू फुटल्याचा आवाज आला. मग मलाही आवरेना.

दार बसल्यावर आम्ही दोघी उंबऱ्यावर बसलो. मी सॉरी म्हटलं. ती काही वेळ कागदाला पडलेलं भोक बोटाने चाचपत राहिली.

"आई, गेल्या वेळेला मला राग पण येत नव्हता," ती म्हणाली. "काहीच येत नव्हतं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे कान अजून लाल होते. लहानपणी रागावली की व्हायचे तसे.

मग तिनेच विषय काढला. तिचं काम आणखी दीड वर्ष आहे, ते ती पूर्ण करणार. पुढचं पुढे. बाबाने मला न्यायला पाठवलंय हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, हो, पाठवलंय. ती म्हणाली, मग? मी म्हटलं, मग काय, मी भोकाला लावायला कागद कुठे मिळतो ते बघते. माझं फेल्डहोवनला कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, ठिगळ लावणं हे माझं कामच. हिसाकोबाईंनी खळ शिजवून दिली आणि भोकावर लावायला फुलाच्या आकाराचा कागद कापून दिला. तिथे तसंच करतात.

संध्याकाळी मी अंगणात जाऊन सुहासला फोन केला. हॉलंडात सकाळ होती, तो ऑफिसात कामाच्या घाईत होता. त्याने पहिलं तेच विचारलं, येतेय का ती.

"नाही," मी म्हटलं.

 मागे कॉफीच्या यंत्राचा आवाज येत होता, तो थांबला.

"कशी आहे?"

"आज माझ्याशी भांडली. एवढी, की दार निखळलं."

 मला वाटलं फोन तुटला. मग तो हसला, आणि हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला.

"दार निखळलं?" त्याने पुन्हा विचारलं.

"हो."

"मग राहू दे तिला तिथे," सुहास म्हणाला. "आणि सांग तिला, मार्चमध्ये मी येतोय."